लिओनाचा स्कॅनर आणि क्लेमचं मयत

ड्रेकर्स गॅप या खाणीच्या गावात माणूस मेला की त्याच्या घरी पहिलं कोण पोचणार, याचे दोनच उमेदवार असत. एक कोरोनर, म्हणजे मरणाची नोंद करणारा सरकारी माणूस, आणि दुसरी लिओना युर्कोनिस. कोरोनरला सरकारी गाडी होती, लिओनाला गुडघेदुखी होती. तरीही चाळीस वर्षांत कोरोनर बहुतेक वेळा दुसराच आला, आणि आला तेव्हा मेलेल्याच्या स्वयंपाकघरातून कोबीच्या गुंडाळ्यांचा वास थेट फाटकापर्यंत पोचलेला असे. खिमा आणि भात कोबीच्या पानात गुंडाळून टोमॅटोच्या रश्शात शिजवायच्या या हलुपकी. त्यांचे दोन ट्रे लिओनाच्या फ्रीजरमध्ये कायम तयार असत. एक रविवारचा. दुसरा, कोण जातंय बघू, यासाठी.

ही कीर्ती नुसत्या पाककौशल्यावर उभी नव्हती. ती उभी होती स्कॅनरवर. लिओनाचा नवरा अल्बिन बंबखान्यातला स्वयंसेवक, आणि तो होता तोवर स्कॅनरवरची बातमी तिला त्याच्याकडून कळे. तो गेला तेव्हा मागे तीन गोष्टी ठेवून गेला: खाणीची पेन्शन, सुरू न होणारं गवत कापायचं यंत्र आणि मुठीत मावेल असा एक स्कॅनर. अँब्युलन्सवाले, बंबवाले आणि जिल्ह्याच्या कंट्रोलरूममधल्या बाया वायरलेसवर जे काही एकमेकांना सांगत, ते सगळं हा डबा पकडायचा. लिओनाने तो अॅप्रनच्या खिशात टाकला आणि पुढची वीस वर्षं बाहेर काढला नाही. प्रार्थनेलाही ती कानात इअरफोनचं बोंड घालून बसे. फादरना वाटे, बाईंना कमी ऐकू येतं. म्हणून ते बिचारे तिच्या बाजूला तोंड करून जरा ओरडूनच प्रवचन देत.

बाकी गावाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. फोनवरून बातमी कळणाऱ्या बायका तिच्या लेखी आळशी. फेसबुकवर वाचून येणाऱ्या तर त्याहून वाईट. त्या मयताला नाही, सेलला आल्यासारख्या येतात, असं ती म्हणे. कंट्रोलरूममधली मार्लीन मात्र तिला पसंत होती. दोघींची कधी गाठ पडली नव्हती, पण मार्लीनच्या खोकल्यावरून लिओनाला तिची तब्येत कळे आणि आवाज अर्धा सूर खाली आला की पेशंट वाचत नाही, हेही कळे. मार्लीनचा सूर खाली गेला की लिओना फ्रीजर उघडायची.

आणि मग सप्टेंबरात गाव अचानक बरं झालं.

नऊ दिवस स्कॅनरमधून चकार शब्द नाही. ना कुणी जिन्यावरून पडलं, ना कुणाच्या छातीत कळ आली. हवा चांगली आहे, असं लिओनाने सगळ्यांना सांगितलं. दहाव्या दिवशी ती चर्चच्या पायऱ्या चढत होती, तर समोरून पॉलिन हुडॅक रिकामा ट्रे काखेत मारून उतरत होती. न्हाव्याची आई गेली होती. मंगळवारीच. आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी शाळेचा म्हातारा शिपाई. दोन्ही घरी पॉलिन पहिली पोचली होती, नूडल्स घेऊन.

"तुझा तो डबा मेलाय गं," पॉलिन म्हणाली. आवाजात अशी काही माया होती की लिओनाला तिला पायरीवरून ढकलावंसं वाटलं. "पहिल्या तारखेपासून जिल्ह्याचं सगळं डिजिटल झालं. जुन्यावर काही येत नाही. मी नवा घेतला, ऑगस्टातच."

पॉलिन हुडॅकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लिओना तिच्याबद्दल पुष्कळ सांगायची. पॉलिन नूडल्समध्ये बटर मोजून घालते. पॉलिन कूपन कापते आणि मुदत संपल्यावर वापरते. आता पॉलिनने मयतजेवण मंडळाच्या अध्यक्षपदासाठी हात वर केला होता. गावात कुणी गेलं की दफनानंतर चर्चच्या तळघरात दीडशे माणसांचं जेवण करतात त्या बारा बायकांचं हे मंडळ. लिओना तिथे एकोणीस वर्षं अध्यक्ष होती. मतदान ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. आणि मंडळात एकच अलिखित नियम: मेलेल्याच्या दारात जी पहिली, तिच्याच हातात डाव. दोन मरणं हातची गेली होती. तिसरं गेलं असतं तर लिओनाला आयुष्यभर पॉलिनच्या हाताखाली बटाटे सोलावे लागले असते. ते सोलायलाही ती तयार होती, पण पॉलिनने 'साल जरा पातळ काढ हं' म्हटलेलं ऐकायला ती तयार नव्हती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी ती डेल्मर फेगलीच्या दुकानात गेली. डेल्मर टीव्ही दुरुस्त करी आणि उरलेल्या वेळात रशियातल्या कुणा हौशी माणसाशी वायरलेसवर हवामानाबद्दल बोले. जो माणूस स्वतःच्या बायकोशी बोलत नाही तो सैबेरियाशी काय बोलतो, हा लिओनाचा जुना प्रश्न होता. पण गरज होती. तिने हातातला जुना डबा काउंटरवर ठेवला आणि तसाच एक नवा मागितला.

डेल्मरने डोळे मिटले. हे वाक्य त्याने त्या महिन्यात साठ वेळा ऐकलं होतं. स्कॅनर कुठला घ्यायचा हे नंतर, तो म्हणाला, आधी आपला जिल्हा कसा बोलतो ते बघायचं. आपला जिल्हा डिजिटल बोलतो. शिवाय एकच संदेश दोन डोंगरांवरच्या दोन टॉवरवरून एकाच वेळी सुटतो. स्वस्तातल्या डिजिटल स्कॅनरला दोन्ही ऐकू येतात आणि तो गोंधळतो. त्याने एक स्वस्तातला सुरू करून दाखवला. बादलीत तोंड घालून कुणी गुळण्या करतंय, असा आवाज आला. मग त्याने कपाटातून दुसरा काढला, सातशे डॉलरचा. त्यातून एक बाई स्वच्छ शब्दांत सांगत होती की मेन स्ट्रीटवर कुत्रा सुटलाय.

सातशे ऐकल्यावर लिओनाने विचारलं की यात कुत्राही मिळतो का. डेल्मर म्हणाला, नाही, आणि पोलिसांचं बोलणंही मिळणार नाही, ते त्यांनी कुलूप लावून बंद केलंय, कुठल्याच स्कॅनरला उघडत नाही. याचं तिला काही वाटलं नाही. पोलीस येतात त्या घरी कुणी जेवण नेत नाही.

"यात पिन कोड घालायचा," डेल्मर समजावत होता. "मग आपल्या भागातली सगळी वायरलेसची ठाणी तो स्वतःच शोधतो. किती मैलांपर्यंत ऐकायचं ते इथे. मी पाच ठेवलंय. आणि कोण बोलतंय ते पडद्यावर लिहून येतं, जिल्हा, गाव, सगळं. आधी वाचायचं, मग विश्वास ठेवायचा."

"ऐकायच्या वस्तूत वाचायचं काय?"

"लिओना, तू वाच."

लिओनाने नव्या कोटासाठी ठेवलेले पैसे काढून दिले आणि वाचलं नाही. वाचायला चष्मा लागे आणि चष्मा लावला की ती म्हातारी दिसे, असं तिचं मत होतं. गावाचं मत असं की ती चष्म्याशिवायही दिसे. पण तिने एक गोष्ट केली. घरी येऊन, टेबलापाशी बसून, चाचपडत तिने ते पाच मैल वाढवून तीस केले. सातशे डॉलर मोजायचे आणि पाच मैल ऐकायचं? पॉलिनला ते चालत असेल. पॉलिन कूपन कापणारी.

तीन आठवडे ती ऐकत राहिली. एक गोष्ट तिला लगेच खटकली. या डिजिटल पेटीत सगळे आवाज सारखेच येत. मार्लीनचा खोकला गेला, सूर गेला. सगळ्या बाया एकाच डब्यात बसून, एकाच नाकाने बोलत आहेत असं वाटे. शिवाय पेटी एका ठाण्यावरून दुसऱ्यावर उड्या मारी आणि बऱ्याचदा वाक्य निम्मं झाल्यावर पोचे. पण बातम्या मात्र भरपूर. इतक्या की आपलं गाव इतकं आजारी कसं, याचं लिओनाला कौतुक वाटू लागलं.

मतदानाच्या आदल्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, ती पेटी अशीच कुठूनतरी उडी मारून आली आणि बोलली: दोनशे चौदा, पश्चिम सेंटर स्ट्रीट. पुरुष, वय एकोणऐंशी, श्वास बंद. थोड्या वेळाने: दुसरी गाडी नको. कोरोनरला कळवा.

लिओना उभी राहिली. दोनशे चौदा, पश्चिम सेंटर स्ट्रीट म्हणजे क्लेम शिम्को. वय एकोणऐंशी. ती मनात काय म्हणाली ते सांगायला नको, कारण क्लेमबद्दल ती मनात जे म्हणे ते नेहमी उघडही म्हणे. सहा वर्षांपूर्वी बायकोच्या मयतजेवणात, सगळ्यांसमोर, क्लेमने लिओनाच्या गुंडाळीत काटा खुपसून म्हटलं होतं, भात जास्त झालाय. बायकोला पुरून तासही झाला नसताना. तेव्हापासून लिओना त्याच्याशी बोलली नव्हती आणि चर्चमध्ये प्रार्थनेत सगळे एकमेकांना देतात तो शांततेचा हात त्याला द्यायची वेळ आली की ती वाकून बुटाची नाडी बांधे. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

पण मेलेल्याशी वैर नसतं, निदान पॉलिन पोचेपर्यंत तरी नसतं. ट्रे फ्रीजरमधून निघाला, ओव्हनमध्ये जेमतेम तापला आणि टॉवेलात गुंडाळला गेला. ट्रेच्या खाली 'युर्कोनिस' लिहिलेली पांढरी पट्टी चिकटलेली आहे ना, हे तिने बोटाने तपासलं. जाता जाता तिने ही बातमी पोस्टाच्या खिडकीत सांगितली आणि बंबखान्यात सांगितली, कारण क्लेम तिथला आजीव सदस्य. उशिरा येणाऱ्यांना कुणीतरी सांगायला नको का? चर्चच्या कोपऱ्याशी तिने मागे वळून पाहिलं तेव्हा बंबखान्याच्या दारावर काळं कापड चढत होतं.

दोनशे चौदाचं दार तिने ठोठावलं. ते क्लेमने उघडलं. पायात सपाता, हातात कॉफीचा कप, दातात काडी.

"काय गं?"

लिओना ट्रे धरून उभी राहिली. शेवटी तिच्या तोंडून जे निघालं ते असं: "तू मेलायस."

"कधी?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी."

क्लेमने कपात पाहिलं. "मग ही कॉफी कोण पितोय?" त्याचं लक्ष टॉवेलातून निघणाऱ्या वासाकडे गेलं. "माझ्यासाठी आणलंयस?"

"मेलेल्यासाठी आणलंय."

"मयताच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत, लिओना. अपशकुन असतो." असं म्हणून त्याने ट्रेचा एक कोपरा धरला. लिओनाने दुसरा सोडला नाही. दोन म्हाताऱ्या माणसांनी उंबरठ्यावर ट्रे ओढायचा म्हणजे दिसायला बरं नाही. पण गल्लीच्या टोकाकडून आता बायका येत होत्या आणि त्या काय पाहणार होत्या हे लिओनाला एका क्षणात कळलं. तिने ट्रे सोडला, क्लेमला आत ढकललं आणि आपणही आत गेली.

त्याने काही साधलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात मंडळातल्या आठ बायका आल्या. हॅम आलं, दोन प्रकारचे बटाटे आले, खसखस भरून गुंडाळलेली गोड पोळी आली. प्रत्येक बाई दारातून आत यायची, टेबलाशी बसून खात असलेल्या क्लेमला बघायची आणि छातीवर क्रूस काढायची. चेहऱ्यावर आधी भीती, मग आनंद आणि मग, खोटं कशाला बोला, थोडी नाराजी. हॅम काही रोज निघत नाही. क्लेम मात्र खुलला होता. सहा वर्षं तो डब्यातलं सूप तव्यावर गरम करून खात होता, कारण भांडी बायकोने कुठे ठेवली ते त्याला अजून सापडलं नव्हतं. बंबखान्यावर काळं कापड चढवलंय हे कळल्यावर त्याने एवढंच विचारलं की चांगलं कापड काढलंय की ते कसर लागलेलं. आणि तिसरी गुंडाळी फोडताना, भात अजूनही जास्त आहे, असंही म्हणाला.

सगळ्यात शेवटी पॉलिन आली. रिकाम्या हाताने नाही. हातात तिचा स्कॅनर होता.

तिने चष्मा लावला, पडद्यावर नोंदलेलं मोठ्याने वाचलं आणि सगळ्या स्वयंपाकघराला ऐकवलं. सेंटर स्ट्रीट दोनशे चौदा खरं. पण गाव हॅमर्ली, डोंगराच्या पलीकडे, बावीस मैलांवर, दुसऱ्या जिल्ह्यात. खाणकंपनीने ही सगळी गावं एकाच पट्टीने आखली होती. प्रत्येकात सेंटर स्ट्रीट, प्रत्येकात पश्चिम आणि पूर्व, आणि घरांनाही तेच नंबर. "मला सव्वानऊलाच कळलं होतं," पॉलिन म्हणाली. "म्हणून मी काही केलं नाही. मीही डोंगरापलीकडचं ऐकते, पण पडद्यावर वाचते. लिओनाने किती मैल लावलेत, विचारा तिला."

आठ बायकांनी लिओनाकडे पाहिलं. एकीने आपलं हॅम हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. रविवारचे बटाटे लिओनाच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यांच्यावर वाकलेली पॉलिन.

"तीस," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तो तिकडचा. तो तरी मेलाय ना? की तोही कुठे कॉफी पितोय?"

पॉलिनने पडद्यावर पाहिलं. "कोरोनर गेलाय."

"आणि तुला हे सव्वानऊला कळलं."

"तो आपल्या जिल्ह्यातला नाही, लिओना."

"तुझ्या ओव्हनला जिल्हा कळतो?" लिओनाने दुसरा ट्रे उचलला. तिच्या घरचा रविवारचा, जो पाहुणे वाढल्यावर एका बाईने तिच्या सांगण्यावरून नुकताच आणून दिला होता. "क्लेम, ट्रकमध्ये पेट्रोल आहे?"

"मी मेलोय."

"ऊठ."

मंडळाचं मतदान रविवारी तळघरात झालं, पण ते नावापुरतं. ते खरं झालं इथेच. लिओनाने कुणाला काही विचारलं नाही. हे हॅम ने, ते बटाटे राहू देत, पोळी टॉवेलात गुंडाळ, एवढंच ती बोलत गेली आणि आठही बायका हलल्या. हॅम ओढून घेणारी सगळ्यात आधी. पॉलिन चष्मा कपाळावर चढवून ओट्याशी उभी होती. तिला कुणी काही करायला सांगितलं नाही, आणि पॉलिनसारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नसते. क्लेमने मात्र पोळी ठेवून घेतली. त्याच्या मयताची आहे, असं त्याचं म्हणणं पडलं.

ट्रकमध्ये दोघांपुरतीच जागा होती. डोंगर चढताना तो कण्हत होता आणि क्लेम बोलत होता. अनोळखी घरात काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न. हॅम मांडीवर घेऊन बसलेल्या लिओनालाही हाच प्रश्न पडला होता. उगाच अंगात आलं आणि निघालो. लोक म्हणतील वेडे आहेत. पण परत फिरावं तर पॉलिन अजून त्या ओट्याशी उभी असणार.

हॅमर्लीतलं दोनशे चौदा हुबेहूब क्लेमच्या घरासारखं होतं, फक्त रंग हिरवा. समोरून कोरोनरची गाडी निघत होती. लिओनाने घड्याळ पाहिलं. दार उघडणारी बाई तिच्याच वयाची, अंगात रात्रीचा झगा, पायात एकच सपात. नाव अल्डोना. मागे कुणी नव्हतं.

"कोण तुम्ही?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न लिओनाला कुणी दारात विचारला नव्हता. उत्तर क्लेमने दिलं. टोपी काढून तो म्हणाला, "मी पण दोनशे चौदालाच राहतो. सेंटर स्ट्रीट. पलीकडच्या गावात."

अल्डोनाने त्याच्याकडे बघितलं, मग ट्रेकडे, आणि बाजूला झाली.

आत गेल्यावर सगळं सोपं होतं. घर तेच, म्हणून कपाटंही तीच. कॉफीचा डबा जिथे असायला हवा तिथेच होता. लिओनाने ओव्हन लावला, दुसरी सपात खुर्चीखालून शोधून काढली, अल्डोनाला बसवलं आणि ताटात दोन गुंडाळ्या वाढल्या. क्लेम समोर बसून टोपी फिरवत राहिला. पहिल्यांदाच त्याने भाताबद्दल काही म्हटलं नाही.

अल्डोनाने ताट जवळ ओढलं. "त्याला कोबी आवडत नव्हती," ती म्हणाली. मग काटा उचलला. "मला आवडते. बावन्न वर्षं या घरात शिजली नाही."

ती दोन्ही संपवून तिसरीकडे वळली होती तेव्हा घंटा वाजली. लिओनाने दार उघडलं. बाहेर एक धिप्पाड बाई, टॉवेलात गुंडाळलेला ट्रे, कमरेला स्कॅनर आणि धाप लागलेली. ती लिओनाला ओलांडून आत आली, ओव्हनकडे पाहिलं, हॅमकडे पाहिलं, अल्डोनाच्या ताटाकडे पाहिलं. मग सावकाश लिओनाकडे वळली. तो चेहरा लिओनाला ओळखीचा होता. सप्टेंबरभर तिने तो आरशात पाहिला होता.

"कुठल्या तुम्ही?"

"ड्रेकर्स गॅप."

बाईने हे गिळलं. डोंगराच्या दिशेला एकदा नजर टाकली.

"किती वाजता आलात?"

"दहा चाळीस."

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ओव्हनचं दार उघडलं. वरच्या कप्प्यात लिओनाचा ट्रे मधोमध बसला होता. थोडा डावीकडे सरकवला असता तर दोन्ही मावले असते.

"खालचा कप्पा रिकामा आहे," लिओना म्हणाली.